विश्लेषण : मोठ्या अंगाच्या व्यक्तीने जुनी सागरी कयाक घेताना काय पाहावे?

नवी फायबरग्लासची सागरी कयाक घ्यायची तर ब्रिटनमध्ये तीन हजार पौंडांहून अधिक मोजावे लागतात. तीच काही वर्षे वापरलेली निम्म्या किंवा त्याहूनही कमी किमतीत मिळते. त्यामुळे या छंदात नव्याने पडणारे अनेक जण पहिली कयाक जुनीच घेतात. नोकरी-शिक्षणासाठी तिकडे गेलेल्या मराठी मंडळींपैकी ज्यांना हा नाद लागतो, तेही बहुधा याच वाटेने जातात. मात्र अंगाने उंच, रुंद किंवा वजनदार असलेल्यांसाठी हा प्रश्न नुसता पैशांचा राहत नाही. सदरा घट्ट झाला तर दुकानदार बदलून देतो. कयाक घट्ट झाली आणि थंड समुद्रात उलटली, तर तिच्यातून काही सेकंदांत बाहेर पडावे लागते. जाहिरातीतील ‘कमाल क्षमता’ या आकड्यावर विसंबून केलेला व्यवहार तिथे उघडा पडतो.

सागरी कयाक इतर कयाकपेक्षा वेगळी कशी?

तारकर्लीत किंवा गोव्यात पर्यटकांना भाड्याने मिळते ती बहुतेक वेळा ‘सिट-ऑन-टॉप’ प्रकारची, म्हणजे वर बसायची उघडी कयाक. ती उलटली की माणूस आपोआप बाजूला पडतो आणि पुन्हा वर चढतो. सागरी कयाकमध्ये माणूस आत बसतो. तिची लांबी साधारण १६ ते १८ फूट, पण रुंदी जेमतेम ५२ ते ६० सेंटिमीटर. बसायच्या भोकाला कॉकपिट म्हणतात. पाय पुढच्या डेकखाली लांबवर जातात, तळवे पायटेकूंवर टेकतात, मांड्या वरच्या कडेला आतून भिडतात आणि कंबर दोन्ही बाजूंनी सीटमध्ये बसते. बोट कलती ठेवून वळवणे, लाट आडवी आली की कमरेच्या झटक्याने तोल सावरणे, उलटलीच तर वल्ह्याच्या जोरावर पुन्हा सरळ होणे, हे सगळे या भिडण्यावर अवलंबून असते. कमरेला बांधलेला स्प्रे डेक नावाचा पडदा कॉकपिटच्या कडेवर ताणून बसवला की आत पाणी येत नाही. पुढे-मागे आडव्या भिंती असतात. त्यांना बल्कहेड म्हणतात. त्यांच्यामुळे तयार होणाऱ्या हवाबंद कप्प्यांत सामान राहते आणि बोट बुडत नाही.

थोडक्यात, बोट सैल असेल तर ताबा सुटतो आणि घट्ट असेल तर सुटका अवघड होते. मधले माप प्रत्येकाचे वेगळे असते.

मग ही बोट मापानुसार का बनत नाही?

मुळात ती मापानुसारच बनत असे. आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट शिकारी कयाक बांधत, तेव्हा मोजपट्टी म्हणजे त्यांचे स्वतःचे शरीर होते. लांबी सुमारे तीन वाव. दोन्ही हात पसरल्यावर होणारे हे माप कोकणातल्या खलाशांच्याही तोंडी असते. कॉकपिटपाशी रुंदी कमरेएवढी अधिक दोन मुठी. खोली एक मूठ आणि वर उभा केलेला अंगठा. एका शिकाऱ्याची कयाक दुसऱ्याला सहसा चालत नसे आणि ती चालावी अशी अपेक्षाही नव्हती.

१९५९ मध्ये ग्लासगो विद्यापीठाचे विद्यार्थी केन टेलर यांनी वायव्य ग्रीनलँडमधील इलॉर्सुइट या वस्तीतून तिथल्या कारागिराने बनवलेली एक कयाक स्कॉटलंडला आणली. तिच्या आराखड्यावरून पुढे ‘अ‍ॅनस अ‍ॅक्युटा’ ही फायबरग्लासची कयाक तयार झाली. १९७५ मध्ये फ्रँक गुडमन यांनी नॉर्वेतील मोहिमेसाठी ‘नॉर्डकॅप’ ही कयाक रचली. दोन वर्षांनी गुडमन यांच्यासह चौघांनी तिच्यातूनच केप हॉर्नला वळसा घातला. साचा आला, कारखाना आला आणि एकाच मापाच्या शेकडो बोटी बाहेर पडू लागल्या. शिंप्याकडची कापडे जाऊन तयार कपड्यांचे दुकान यावे, तसेच हे झाले. फरक एवढाच की, कपड्यांच्या दुकानात निदान लहान-मध्यम-मोठे असे मापांचे फलक होते. कयाकच्या बाबतीत ते पुष्कळ उशिरा लागले.

या इतिहासाचा आजच्या खरेदीदाराशी थेट संबंध आहे. त्या काळातील अनेक बोटींचे कॉकपिट लहान, जवळपास गोल आणि जेमतेम अर्धा मीटर लांब असे. त्याला ‘ओशन कॉकपिट’ म्हणतात. त्यात बसायचे तर आधी मागच्या डेकवर बसून दोन्ही पाय सरळ आत सारायचे आणि मग घसरत खाली उतरायचे. लाटांत पाणी आत कमी शिरावे, हा त्यामागचा विचार होता आणि सडपातळ, सरावलेल्या माणसाला ते जमतही असे. अशा जुन्या बोटी आज फार स्वस्तात विकल्या जातात. नावाजलेले नाव, उत्तम फायबरग्लास आणि कमी किंमत, असा तो मोह असतो. ज्याच्या मांड्या जाड किंवा पाय लांब आहेत, त्याने हा मोह आवरलेलाच बरा. नंतरच्या बोटींत कॉकपिट लांबट, किल्लीच्या भोकासारखे झाले. त्यात आधी सीटवर बसून मग एकेक पाय आत घेता येतो आणि तसाच बाहेरही काढता येतो. मोठ्या अंगाच्या व्यक्तीसाठी शोधाची सुरुवात इथूनच करावी.

जाहिरातीतील ‘कमाल क्षमता’ किती विश्वासार्ह?

मोटारबोटीवर किती माणसे, किती वजन याची पाटी असते आणि तिला कायद्याचा आधार असतो. कयाकचे तसे नाही. युरोपीय संघाच्या २०१३ मधील छंद-नौकांविषयीच्या निर्देशातून केवळ मानवी बळावर चालणाऱ्या कयाक आणि कनू स्पष्टपणे वगळल्या आहेत. ब्रिटनच्या २०१७ मधील नियमांतही ही सूट कायम आहे. अमेरिकेत २० फुटांखालील बोटींवर क्षमतेची पाटी लावण्याची सक्ती आहे, पण त्यातूनही कयाक वगळलेली आहे. म्हणजे माहितीपत्रकातील ‘१५० किलो’ हा आकडा त्या त्या कंपनीने स्वतः ठरवलेला असतो. कुणी बोट जेमतेम तरंगेल ते वजन सांगतो, तर कुणी ती नीट चालेल ते. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात फारसा अर्थ नाही.

दुसरी गफलत खरेदीदाराकडून होते. तो आकड्याची तुलना स्वतःच्या सकाळच्या वजनाशी करतो. प्रत्यक्षात ११० किलोचा माणूस ड्रायसूट, बूट, जीवरक्षक जाकीट, पाण्याच्या बाटल्या, डबा, सुटे वल्हे आणि सुरक्षेचे सामान घेऊन बसतो, तेव्हा बोटीवर १२० किलो पडतात. तंबू, स्लीपिंग बॅग, शेगडी घेऊन दोन रात्रींची फेरी काढली की १४० किलो सहज होतात. ‘१५० किलो क्षमता’ अशा वेळी काठावर येऊन थांबते.

आणि या आकड्यात शरीराचा आकार कुठेच नसतो. १५० किलो पेलणाऱ्या बोटीत ९५ किलोच्या माणसाची मांडी शिरत नाही, असे घडू शकते आणि घडतेही.

वजन वाढले की पाण्यात नेमके काय होते?

ढोबळ हिशेब असा, की सामान्य लांबीची सागरी कयाक पाण्याच्या पातळीवर सुमारे पावणेदोन चौरस मीटर जागा व्यापते. त्यामुळे दर २० किलोंमागे ती एक सेंटिमीटरहून थोडी अधिक खाली जाते. ८० किलोच्या माणसासाठी रचलेल्या बोटीत १२५ किलोचा माणूस बसला, तर ती अडीच सेंटिमीटर आणखी बुडते. ऐकायला हे फार वाटत नाही. मात्र कॉकपिटजवळ पाण्याच्या वर उरणारी बोटीची भिंत मुळातच वितीहून कमी असते. त्यातली अडीच सेंटिमीटर गेली की लाट लवकर डेकवर चढते, बोट थोडी कलली तरी कड पाण्याखाली जाते, बोट जड चालते आणि वळायला कुरकुरते.

तोलाचे गणित याहून महत्त्वाचे. बोट कलली की तिचा आकार तिला सरळ करू पाहतो आणि वरच्या माणसाचे वजन तिला आणखी कलवू पाहते. पहिला जोर मुख्यतः रुंदीवर अवलंबून असतो आणि वजन वाढले म्हणून तो फारसा वाढत नाही. दुसरा मात्र वजनाबरोबर आणि वजन किती उंचावर आहे त्याप्रमाणे वाढतो. म्हणून एकाच कयाकमध्ये एक जण निवांत बसून फोटो काढतो आणि त्याचा भारदस्त मित्र गुडघे आवळून बसतो. ‘सराव नाही म्हणून डगमगते’ असे त्याला सांगितले जाते. दोष अनेकदा सरावाचा नसतो.

रुंदीचा हा परिणाम तिच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. बाकी आकार तसाच ठेवून रुंदी ५३ वरून ५६ सेंटिमीटर केली, तर सरळ होण्याचा जोर सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. तीन सेंटिमीटर म्हणजे दोन बोटे. जाहिरात वाचताना लांबीपेक्षा या दोन बोटांकडे आधी पाहायला हवे.

‘मोठे अंग’ म्हणजे एकच माप का?

नाही, आणि बहुतेक सल्ले इथेच चुकतात. सव्वासहा फूट उंच, ९० किलोचा सडसडीत माणूस घ्या. त्याच्या कमरेला कुठलीही सीट चालेल. अडचण पायांची येईल. पायटेकू शेवटच्या खाचेपर्यंत सरकवूनही गुडघे वर राहतील किंवा बूट डेकला वरून घासतील. त्याच्या लांब धडामुळे वजनही उंचावर राहते. आता साडेपाच फुटांचा, ११५ किलोचा माणूस घ्या. त्याला पायांची जागा मुबलक, पण सीटच्या दोन्ही बाजू कमरेत रुततील आणि पुढच्या डेकची कड पोटाला लागेल. वल्हे मारताना धड फिरवता आले नाही, तर सगळा भार खांद्यांवर येतो आणि खांदे लवकर थकतात. तिसरा प्रकार व्यायामाने कमावलेल्या जाड मांड्यांचा. त्याची कंबर आत जाते, पण मांडीआधाराखाली मांड्या अडकतात. उलटल्यावर सर्वात धोकादायक अडकणे हेच.

त्यामुळे विक्रेत्याला ‘माझे वजन इतके, चालेल का?’ असे विचारण्यापेक्षा सीटची आतली रुंदी, सीटपासून पायटेकूच्या शेवटच्या खाचेपर्यंतचे अंतर, कॉकपिटची लांबी-रुंदी आणि पायांपाशी डेकची आतली उंची मोजून पाठवायला सांगावे. मोजपट्टी लावायला पाच मिनिटे लागतात. तेवढीही तयारी नसलेल्या विक्रेत्यासाठी दीडशे मैल गाडी चालवत जाण्यात हशील नाही.

मग सर्वात मोठी बोट घेतली तर?

ही चूक पहिल्या चुकीइतकीच सर्रास होते. बोट जितकी फुगीर, तितका तिचा पाण्याबाहेरचा भाग मोठा आणि तितका वारा तिला अधिक ढकलतो. मोहिमेच्या सामानासाठी बनवलेल्या प्रशस्त कयाकमध्ये १०० किलोचा माणूस रिकाम्या कप्प्यांसह दिवसभराच्या फेरीला निघाला, तर वाऱ्यात ती पिसासारखी भरकटू शकते. मांड्या कशालाच टेकत नसतील, तर कमरेचा झटका बोटीपर्यंत पोहोचतच नाही. रुंद बोटीत वल्हेही कडेपासून लांबून मारावे लागते.

अनेक कंपन्यांनी एकच आराखडा वेगवेगळ्या मापांत काढला, याचा इथे फायदा होतो. पीअँडएच कंपनीची ‘सीटस’ एलव्ही, एमव्ही आणि एचव्ही अशा तीन मापांत आली. ही अनुक्रमे कमी, मध्यम आणि अधिक घनफळाची खूण. व्हॅलीच्या ‘अ‍ॅक्वानॉट’ला आणि वेल्समधील होलीहेड येथे बनणाऱ्या ‘एक्सप्लोरर’लाही एचव्ही रूप होते. अमेरिकेच्या वाइल्डरनेस सिस्टिम्सने ‘टेम्पेस्ट’ला १६५, १७० आणि १८० असे आकडे दिले. हे आकडे लांबीचे असले, तरी त्याबरोबर रुंदीही साडेएकवीस इंचांपासून साडेबावीस इंचांपर्यंत वाढत जाते. जुन्या बोटींच्या जाहिरातींत ही शेपटे हमखास गळतात. विकणारा नुसते ‘सीटस, उत्तम स्थितीत’ एवढेच लिहितो आणि घेणारा एलव्ही पाहायला जाऊन परत येतो. डेकवरील नावाचा फोटो मागवला तर ही फेरी वाचते. मात्र एचव्ही म्हणजे घनफळ आणि बहुधा डेकची उंची अधिक, इतकेच समजावे. त्यातली सीट रुंद असेलच, असे नाही.

विकत घेण्याआधी जमिनीवर काय तपासावे?

कयाक हिरवळीवर किंवा सतरंजीवर ठेवावी. दोन घोड्यांवर टांगलेल्या कयाकमध्ये कधीही बसू नये. अधांतरी बोटीवर वजन आले तर तिचा तळ तडकू शकतो आणि मग व्यवहाराआधीच भांडण. समुद्रात घालायचे तेच कपडे आणि तेच बूट घालून बसावे. हा नियम किरकोळ वाटतो, पण मोठ्या मापाच्या जाड तळव्याच्या बुटांनी कित्येक पसंत पडलेल्या बोटी नापसंत ठरवल्या आहेत.

आधी सीटवर बसून मग एकेक पाय आत जातो का, ते पाहावे. दोन्ही पाय एकदमच न्यावे लागत असतील, तर बाहेर पडतानाही तसेच होणार. कमरेच्या दोन्ही बाजूंना सपाट हात सरकेल एवढी जागा असावी. ती अधिक असेल तर फोमचे तुकडे लावून भरता येते. पायटेकूंवर तळवे ठेवल्यावर गुडघे किंचित वाकलेले आणि बाहेरच्या बाजूला पडलेले असावेत, मांड्या वरच्या आधाराला सहज भिडाव्यात आणि पाय सैल सोडले की सुटाव्यात. पायटेकू शेवटच्या खाचेत असतील, तर उंच व्यक्तीला पुढे काहीच वाव उरत नाही. फोमचा टेकू थेट बल्कहेडला लावण्याइतकी जागा पुढे आहे का, ते तेव्हा पाहावे.

मग गप्पा मारत अर्धा तास तसेच बसून राहावे. विक्रेत्याला हे विचित्र वाटेल. वाटू द्यावे. मांडीखाली मुंग्या येणे, पाय बधिर होणे, पाठीचा टेकू कमरेच्या हाडाला बोचणे हे पाच मिनिटांत कळत नाही आणि समुद्रात दोन तासांनी कळून उपयोग नसतो. बधिर पायांनी लाटांत किनाऱ्यावर उतरणारा माणूस उभाच राहू शकत नाही.

जुनी म्हणून आणखी काय पाहावे?

प्लास्टिकची कयाक रुळलेली, जाड आणि स्वस्त असते. तिचे वजन २५ ते ३० किलोंपर्यंत जाते. मोटारीच्या टपावर पट्टे करकचून आवळल्याने किंवा उन्हात चुकीची ठेवल्याने तिच्या तळाला पोचे पडतात. वजनदार व्यक्तीसाठी सीटखालचा तळ महत्त्वाचा. बोट उपडी करून तिथे तळहाताने दाबून पाहावे. तो पत्र्याच्या डब्यासारखा आत-बाहेर होत असेल, तर मोठ्या वजनाखाली अधिकच होईल आणि बोट ओढल्यासारखी चालेल. उन्हाने रंग उडून पांढुरके झालेले, ठिसूळ वाटणारे प्लास्टिकही टाळावे.

फायबरग्लासमध्ये वरच्या थराला बारीक कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा असतात. त्या बहुतेकदा दिसण्यापुरत्या. दाबल्यावर दबणारी जागा, आतून उसवलेली जोडपट्टी किंवा सीट जिथे लटकते तिथली चीर मात्र गंभीर. सीट वर्षानुवर्षे वजन पेलते. आधीचा मालक ६५ किलोचा असेल, तर खरी कसोटी नव्या मालकाच्या बसण्यानेच लागणार. पायटेकूंचे रूळ खाऱ्या पाण्याने गंजून एका जागी अडकलेले असतात. आधीच्या मालकाला ते हलवायची गरजच पडली नसेल, पण उंच माणसासाठी हा दोष व्यवहार मोडणारा ठरू शकतो.

बल्कहेड गळतात का, हे पाहायला पुढच्या किंवा मागच्या कप्प्यात दोन बादल्या पाणी ओतून बोट तिरकी करावी आणि कॉकपिटकडून पाहावे. कप्पा पूर्ण भरू नये. पाण्याच्या वजनाने बोटच दुखावते. झाकणांचे रबर वाळून भेगाळलेले आहे का, तळातील स्केग नावाचे पाते दोरीने सुरळीत खाली-वर होते का, डेकवरच्या जीवरक्षक दोऱ्या घट्ट आहेत का, एवढे पाहिले की पुरे. या गोष्टी दुरुस्त होतात, किंमत कमी करायलाही कामी येतात. अमेरिकी बनावटीच्या बोटींवर मागच्या टोकाला उजव्या बाजूस १२ अक्षर-अंकांचा क्रमांक कोरलेला असतो. त्याचे शेवटचे दोन अंक मॉडेलचे वर्ष सांगतात. ‘फक्त तीन-चार वर्षे जुनी’ हा दावा तिथे तपासता येतो.

पाण्यात न उतरवता पैसे द्यावेत का?

देऊ नयेत. आरएनएलआय या तिथल्या जीवरक्षक संस्थेच्या माहितीनुसार ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यालगत समुद्राचे सरासरी तापमान १२ अंश सेल्सियस असते आणि १५ अंशांखालील पाण्यात अचानक पडल्यास शरीराला शीतधक्का बसू शकतो. श्वास आपोआप जोरात ओढला जातो, पहिला मिनिट-दीड मिनिट त्यावर ताबा राहत नाही. डोके पाण्याखाली आणि मांड्या डेकखाली अडकलेल्या असताना हे घडणे किती घातक, ते सांगायला नको. कोकणातल्या कोमट पाण्यात कयाक शिकलेल्या माणसाला याचा अंदाज नसतो.

म्हणून उथळ, शांत पाण्यात, योग्य उबदार पोशाखात, शेजारी जाणकार व्यक्ती उभी असताना चाचणी घ्यावी. प्रथम नुसते बसून बोट कुठवर बुडते ते दुसऱ्याला पाहायला सांगावे. डेक आणि तळ यांची जोडरेषा पाण्याच्या चांगली वर हवी. मागचे टोक खाली बसलेले दिसले तर तेही वाईट, कारण मग पुढचे टोक वारा पकडतो आणि बोट वाऱ्याच्या दिशेने वळत राहते. त्यानंतर जाणीवपूर्वक उलटून बाहेर पडून पाहावे, आधी स्प्रे डेकशिवाय, मग तो लावून. स्प्रे डेक त्या कॉकपिटच्या मापाचाच हवा आणि त्याचा पुढचा पट्टा ओढून काढताना पोट आड येता कामा नये. या चाचणीत एकदाही अडकल्यासारखे वाटले, तर बोट कितीही देखणी असो, परत करावी. ‘सवय होईल’ हा सल्ला इथे ऐकू नये.

बाहेर पडल्यावर परत चढणे हा वेगळा विषय. सोबत्याच्या कयाकला आपली आडवी धरून मागच्या डेकवरून चढताना वजनदार व्यक्तीच्या भाराने ते टोक खाली दबते आणि हातांच्या जोरावर वर येणे अवघड जाते. एक पाय आधी कॉकपिटमध्ये अडकवून वर सरकणे किंवा पट्ट्याची रिकीब करून तिच्यात पाय देऊन चढणे, या रीती अशा वेळी उपयोगी पडतात. मागचा डेक जितका ठेंगणा, तितके चढणे सोपे. एचव्ही बोटीचा उंच डेक इथे उलटा त्रास देतो. म्हणजे माप ठरवताना हाही हिशेब धरावा लागतो. जीवरक्षक जाकीट मात्र वजनावरून नव्हे, छातीच्या घेरावरून निवडतात आणि ते ओढल्यावर कानापर्यंत सरकत नाही ना, हे पाण्यातच कळते.

ही चाचणी एकट्याने करायची नसल्याने क्लबचा रस्ता सोयीचा पडतो. पूर्वी ब्रिटिश कनूइंग आणि २०२४ पासून पॅडल यूके म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संघटनेशी संलग्न क्लब इंग्लंडभर आहेत. अनेक क्लबांकडे तीन-चार प्रकारच्या सागरी कयाक असतात. विकत घेण्याआधी त्यांतल्या प्रत्येकीत तास-दीड तास बसून पाहिले, तर जाहिराती वाचताना मनात निदान एक माप तयार असते.

घेतल्यानंतर बदल करता येतात का?

थोडे करता येतात. सर्वात मोठा लाभ सीट खाली आणण्यात आहे. अनेक बोटींत सीट तळापासून दोन-तीन सेंटिमीटर वर लटकलेली असते. ती काढून कोरलेल्या फोमची बैठक तळावरच चिकटवली, तर वजन खाली येते आणि डगमग लक्षणीय कमी होते. शिवाय सीटच्या ताठ बाजू गेल्याने कमरेला जागा मिळते. उंच पाठीचा टेकू काढून रुंद पट्टा लावला तर धड फिरायला मोकळे होते आणि स्प्रे डेकही नीट बसतो. सीट सरकवायची असेल तर एका वेळी एक-दोन सेंटिमीटरच सरकवावी आणि पाण्यात पुन्हा पाहावे. कॉकपिटचे भोक किंवा डेकची उंची मात्र बदलता येत नाही. कडा कापून जागा करण्याचे प्रयोग बोट आणि स्प्रे डेक दोन्ही वाया घालवतात.

पहिल्या हंगामानंतर माप चुकल्याचे कळले, तरी सारे संपत नाही. जुनी कयाक नीट जपली तर घेतली त्याच्या आसपासच्या किमतीत पुन्हा विकली जाते. नव्या कयाकची किंमत पहिल्याच वर्षी घसरते, तसे हिचे होत नाही. विकताना जाहिरातीत सीटची रुंदी, कॉकपिटचे माप आणि स्वतःची उंची-वजन लिहिले, तर पुढच्या ग्राहकाची दीडशे मैलांची फेरी वाचेल.